एपीआय क्लायंट कोणता निवडायचा? डेव्हलपरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बॅकएंडवर काम करतो. टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या आठवड्यातच हे प्रश्न येतात, आणि दरवेळी चॅटवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली जातात. म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत. किमती आणि मोफत प्लॅनच्या मर्यादा सारख्या बदलतात, त्यामुळे ते आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. त्या त्या साधनाच्या साइटवर बघून घ्या.

### एपीआय क्लायंट लागतोच कशाला? ब्राउझरमध्ये यूआरएल टाकून बघता येतं की.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती किंवा काम मागायची ठरलेली सोय, आणि ती मागणी म्हणजे रिक्वेस्ट. साधी गेट रिक्वेस्ट (फक्त माहिती मागणारी) असेल तर येतं. पोस्ट, पुट किंवा डिलीट करायचं असेल (म्हणजे दुसरी मेथड वापरून डेटा पाठवायचा, बदलायचा किंवा काढायचा असेल), हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या सूचनांमध्ये) टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) घालायचं असेल, बॉडीत जेसन (डेटा लिहायची एक पद्धत) पाठवायचा असेल, तिथे ॲड्रेस बारचं काम संपतं. एपीआय क्लायंट तीन कामं करतो. रिक्वेस्ट हवी तशी जुळवून पाठवू देतो, आलेलं उत्तर वाचता येईल असं मांडतो, आणि ती रिक्वेस्ट उद्यासाठी जपून ठेवतो. पहिली दोन कामं आता सगळीच साधनं चांगली करतात. निवड करताना तिसऱ्या कामाकडे बघा: जपून ठेवतो म्हणजे नेमकं कुठे ठेवतो?

### थेट नाव सांगा, कोणता घेऊ?

कोड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) असेल आणि टीममध्ये बहुतेक डेव्हलपरच असतील तर ब्रुनो. एडिटर सोडून कुठे जायचंच नसेल तर साध्या एचटीटीपी फाइल आणि व्हीएस कोडचं रेस्ट क्लायंट एक्स्टेन्शन. टेस्टर, प्रॉडक्टवाले, बाहेरचे पार्टनर असे सगळे मिळून एकच कलेक्शन (जपून ठेवलेल्या रिक्वेस्टचा संच) वापरणार असतील आणि कंपनी पैसे भरायला तयार असेल तर पोस्टमन. काहीही इन्स्टॉल न करता पाच मिनिटांत काही तपासायचं असेल तर हॉपस्कॉच. यांतलं काहीही घेतलंत तरी कर्ल (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवणारी कमांड) शिकाच.

### आमच्याकडे सगळे पोस्टमनच वापरतात. मग दुसरं कशाला बघायचं?

काम सुरळीत चाललं असेल तर बदलायची गरज नाही. पोस्टमनने या कामाला घाट दिला, हे मान्य करायलाच हवं. अभिनव अस्थाना यांनी २०१२ मध्ये ते क्रोमचं एक्स्टेन्शन म्हणून आणलं, २०१४ मध्ये अंकित सोबती आणि अभिजित काणे यांच्यासोबत कंपनी काढली, आणि बेंगळुरूत सुरू झालेलं हे साधन जगभरच्या डेव्हलपरांच्या हाती गेलं. "कलेक्शन पाठव" हे वाक्य आपण आज सहज बोलतो, ते त्यांच्यामुळेच. मॉक सर्व्हर, डॉक्युमेंटेशन, मॉनिटर, टेस्ट स्क्रिप्ट असं सगळं एका जागी मिळतं, आणि अडलात तर उत्तर सापडायला वेळ लागत नाही.

अडचण येते ती त्याच्या घडणीमुळे. पोस्टमन अकाउंट आणि क्लाउडभोवती बांधलेलं आहे. लॉगिन न करताही रिक्वेस्ट पाठवता येते, पण कलेक्शन करून ठेवायचं तर लॉगिन लागतं, आणि ते कलेक्शन त्यांच्या सर्व्हरवर सिंक होतं. काही टीमला नेमकं हेच हवं असतं. काहींना ते चालण्यासारखं नसतं. तुमची टीम कुठली, एवढं आधी ठरवा.

### २०२३ मध्ये लॉगिनवरून एवढा गदारोळ का झाला होता?

तोवर पोस्टमनमध्ये स्क्रॅच पॅड नावाची सोय होती. अकाउंट न उघडता, सगळं आपल्याच मशीनवर ठेवून काम करता यायचं. मे २०२३ मध्ये ती बंद होणार असल्याचं जाहीर झालं आणि सप्टेंबरपर्यंत ती गेली. अनेकजण तेव्हा इन्सोम्नियाकडे वळले, कारण ते ओपन सोर्स होतं आणि लोकल चालायचं. इन्सोम्निया ग्रेगरी शायर यांनी सुरू केलं होतं. २०१९ मध्ये ते काँग या कंपनीने घेतलं. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस त्याची ८.० ही आवृत्ती आली. लोकांनी ॲप उघडलं, ते आपोआप अपडेट झालं, आणि समोर लॉगिनचा पडदा. आपल्याच डिस्कवर असलेली कलेक्शन लॉगिन केल्याशिवाय दिसेनात.

संताप झाला, काही दिवसांत फोर्क (त्याच कोडवरून इतरांनी काढलेल्या वेगळ्या आवृत्त्या) निघाले, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये लोकल साठवणुकीचा पर्याय परत आला. आजचं इन्सोम्निया तुम्हाला लोकल, गिट किंवा क्लाउड असं निवडू देतं, आणि ते चांगलं साधन आहे. पण त्या आठवड्यात अनेकांच्या लक्षात आलं की दोन-तीन वर्षं जमवलेल्या रिक्वेस्ट आपल्या असल्या तरी त्यांची किल्ली आपल्याकडे नव्हती. ब्रुनोकडे लोक वळले ते याच सुमारास. शायर यांनीही पुढे याक नावाचा नवा क्लायंट लिहिला, ओपन सोर्स आणि लोकल चालणारा.

म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी मी एक गोष्ट करून बघतो. इंटरनेट बंद करतो, ॲप सुरू करतो आणि जुनी रिक्वेस्ट लोकलहोस्टवर (आपल्याच मशीनवर चालणाऱ्या सर्व्हरवर) पाठवतो. पाठवता आली तर पुढचा विचार.

### ब्रुनोबद्दल एवढं बोललं जातं. त्यात वेगळं काय?

ब्रुनो तुमची प्रत्येक रिक्वेस्ट तुमच्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल म्हणून ठेवतो. कलेक्शन म्हणजे फोल्डर, रिक्वेस्ट म्हणजे फाइल, एन्व्हायर्नमेंट (टेस्ट, प्रॉडक्शन अशा प्रत्येक ठिकाणच्या व्हेरिएबलचा संच) म्हणजेही फाइल. त्यांचा स्वतःचा क्लाउड सिंक नाही, आणि तो आणायचाच नाही असं त्यांनी पहिल्यापासून ठरवलेलं आहे. अनूप एम. डी. यांनी हे बेंगळुरूत सुरू केलं, एमआयटी परवान्याखाली ते ओपन सोर्स आहे, आणि नाव त्यांच्या कुत्र्यावरून ठेवलेलं आहे.

फाइल एडिटरमध्ये उघडली तर वर एका कंसात रिक्वेस्टचं नाव आणि क्रम, खाली दुसऱ्या कंसात मेथड आणि यूआरएल, मग हेडर, मग बॉडी, शेवटी टेस्ट. पहिल्यांदा बघणाराही वाचू शकतो. याची किंमत पुल रिक्वेस्ट (मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी तपासायला दिलेला बदल) तपासताना कळते. आमच्याकडे ऑर्डर रद्द करायच्या एपीआयमध्ये कारण पाठवणं सक्तीचं केलं होतं. पुल रिक्वेस्टमध्ये तीन फाइल होत्या: कंट्रोलर, त्याची टेस्ट, आणि ब्रुनोची फाइल. ब्रुनोच्या फाइलमध्ये एकच हिरवी ओळ वाढलेली होती. तपासणाऱ्या मुलीने विचारलं, "इथे फील्डचं नाव रीझन आहे आणि कोडमध्ये रीझन कोड. खरं कुठलं?" मर्ज व्हायच्या आधी चूक सापडली. पूर्वी हीच रिक्वेस्ट कुणाच्या तरी वर्कस्पेसमध्ये असायची, आणि फ्रंटएंडवाल्याला चारशेची (रिक्वेस्ट चुकीची असल्याची) एरर आल्यावर शोधाशोध सुरू व्हायची.

दुसरा फायदा ब्रँचचा. जुन्या रिलीजची ब्रँच चेकआउट केली की त्या वेळच्या रिक्वेस्ट आपोआप समोर येतात. पेमेंटची दुसरी आवृत्ती सुरू असताना पहिल्या आवृत्तीतला बग सोडवायचा असला की याचं मोल कळतं.

कमतरताही सांगतो. ज्याला गिट येत नाही त्याच्यासाठी ब्रुनो सोयीचा नाही. दोन माणसं एकाच वेळी एकच कलेक्शन बघत बदलतायत, असं इथे होत नाही. काही सोयी पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत आहेत. आणि पोस्टमनसारखी होस्ट केलेली डॉक्युमेंटेशन किंवा मॉनिटर हवे असतील तर ते दुसरीकडून आणावे लागतात.

### टोकन, पासवर्ड, एपीआय की कुठे ठेवायच्या?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

माझ्या आधीच्या एका नोकरीत, एका शेअर केलेल्या कलेक्शनमध्ये हेडरच्या खान्यात प्रॉडक्शनचं (ग्राहक वापरतात त्या सिस्टीमचं) टोकन सरळ चिकटवलेलं राहिलं होतं. कुणीतरी रात्री घाईत एक प्रश्न सोडवताना चिकटवलं, प्रश्न सुटला, रिक्वेस्ट सेव्ह झाली. पुढे तेच कलेक्शन एका बाहेरच्या टीमला पाठवलं गेलं. तिथल्या एका प्रामाणिक माणसाने फोन करून सांगितलं म्हणून कळलं. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या किल्ल्या बदलल्या, आणि बदलताना ते टोकन आणखी कुठे कुठे वापरलं जातंय याची यादीच कुणाकडे नाही, हेही समजलं. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचीही गय करत नाही.

हे आमच्यापुरतं नव्हतं. क्लाउडसेक या भारतीय सुरक्षा कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की पोस्टमनचे ३०,००० हून अधिक वर्कस्पेस सर्वांसाठी खुले असून त्यांतून टोकन आणि एपीआय की उघड्या पडत आहेत. वर्कस्पेस सार्वजनिक ठेवणं आणि किल्ली सरळ रिक्वेस्टमध्ये लिहिणं, या दोन सवयी एकत्र आल्या की हे होतं, मग साधन कुठलंही असो.

नियम सोपे आहेत. रिक्वेस्टमध्ये किल्ली कधीही लिहू नका, व्हेरिएबल लिहा. त्या व्हेरिएबलची किंमत अशा जागी ठेवा जी सिंकही होत नाही आणि कमिटही होत नाही. ब्रुनोमध्ये ती डॉट ईएनव्ही फाइलमध्ये किंवा सीक्रेट व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने ज्या फाइल घ्यायच्या नाहीत त्यांच्या यादीत) पहिल्याच दिवशी घालायची. पोस्टमनमध्ये व्हॉल्ट आहे, ते वापरा. व्हेरिएबलची किंमत टीमला जाते की फक्त तुमच्याकडे राहते, हे प्रत्येक व्हेरिएबलपाशी डोळ्यांनी बघून घ्या. जेटब्रेन्सच्या एडिटरमध्ये खासगी एन्व्हायर्नमेंटची वेगळी फाइल असते.

सेव्ह केलेले नमुना रिस्पॉन्सही तपासा. लॉगिन एपीआयचा रिस्पॉन्स "उदाहरण" म्हणून सेव्ह केला तर त्यात टोकन असतंच, आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

चुकून किल्ली कमिट झाली असेल तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही. गिटच्या इतिहासात ती राहतेच. आधी किल्ली रद्द करून नवी काढा, मग इतिहास साफ करायचा की नाही ते ठरवा. हा क्रम उलटा करू नका.

### कर्ल शिकायलाच हवं का? माझं तर ॲपमध्ये सगळं भागतं.

हवं, कारण जिथे खरी अडचण येते तिथे ॲप नसतं. रात्री दोन वाजता सर्व्हरवर एसएसएचने शिरलात, कंटेनरच्या आतून शेजारची सर्व्हिस दिसते का हे बघायचंय, तिथे तुमच्यासोबत फक्त टर्मिनल असतं. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी मार्च १९९८ मध्ये कर्ल या नावाने पहिली आवृत्ती काढली, आणि आजही तेच त्याचे प्रमुख आहेत. मॅकवर ते आधीपासून असतं, विंडोज १० मध्ये २०१८ पासून येतं, लिनक्सवर बहुधा असतंच किंवा एका कमांडने येतं. एपीआय देणाऱ्या कंपन्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येही उदाहरणं कर्लमध्येच दिलेली असतात.

सुरुवातीला चार गोष्टी पुरतात: मेथड कशी द्यायची, हेडर कसा द्यायचा, बॉडी कशी द्यायची, आणि व्हर्बोज (काय गेलं, काय आलं याचा सगळा तपशील) कसं चालू करायचं. बॉडीसाठी जुना डेटा हा पर्याय वापरलात तर कर्ल कंटेंट टाइप फॉर्मचा पाठवतं, जेसनचा नाही. "सर्व्हरला बॉडी रिकामी दिसते" या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. २०२२ मध्ये आलेला जेसन हा पर्याय वापरा, तो योग्य हेडर स्वतः लावतो.

विंडोजवाल्यांसाठी दोन खड्डे. जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल असं टाइप केलं की खरं कर्ल चालतच नाही, मायक्रोसॉफ्टची वेगळीच कमांड चालते. पुढे डॉट ईएक्सई जोडा. आणि कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरणचिन्हं समजत नाहीत, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली कमांड तिथे जशीच्या तशी चालत नाही. दुहेरी चिन्हं लावा, किंवा जेसन फाइलमध्ये ठेवून ती फाइल द्या.

कर्लची कमांड डोळ्यांना जड वाटत असेल तर एचटीटीपाय बघा. टर्मिनलमध्येच चालतं, कमांड लिहायला सोपी, आणि उत्तर रंगीत, नीट मांडलेलं येतं.

### एकच रिक्वेस्ट कर्लमध्ये चालते आणि ॲपमध्ये चालत नाही, किंवा उलट. असं का?

कारण ती एकच रिक्वेस्ट नसते. प्रत्येक साधन आपल्या मनाने काही गोष्टी जोडतं किंवा करतं, आणि त्या पडद्यावर सहज दिसत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ रिडायरेक्टचा. समजा तुम्ही यूआरएल एचटीटीपीएसऐवजी चुकून एचटीटीपीने लिहिला आणि पोस्ट केलं. सर्व्हर ३०१ देऊन एचटीटीपीएसकडे पाठवतो. कर्ल मुळात रिडायरेक्टच्या मागे जात नाही. लोकेशनचा पर्याय दिला तरच जातं. म्हणून तिथे तुम्हाला ३०१ दिसतो आणि चूक लगेच कळते. पोस्टमनसारखं ॲप आपोआप मागे जातं, पण ३०१ आणि ३०२ ला जाताना पोस्टचं गेट करून टाकतं. सर्व्हर म्हणतो ४०५, ही मेथड चालत नाही. तुम्ही पडद्यावर बघता तर पोस्टच निवडलेलं आहे. तासभर यात सहज जातो. ३०७ आणि ३०८ मध्ये मेथड बदलत नाही. अशा वेळी पोस्टमनचं कन्सोल उघडा. प्रत्यक्ष किती आणि कुठल्या रिक्वेस्ट गेल्या ते तिथे दिसतं.

दुसरं कुकी. ॲप मागच्या रिक्वेस्टची कुकी लक्षात ठेवून पुढच्या रिक्वेस्टला जोडतं. कर्लला सांगितल्याशिवाय ते करत नाही. टोकन चुकीचं असूनही ॲपमध्ये सगळं चालतंय असं दिसलं तर जुन्या सेशनची कुकी तपासा.

तिसरं सर्टिफिकेट. ऑफिसच्या नेटवर्कवर तुम्ही आणि इंटरनेट यांच्यामध्ये प्रॉक्सी नावाचा सर्व्हर बसलेला असतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो. ब्राउझर ते मानतो, कारण आयटीवाल्यांनी ते मशीनवर घातलेलं असतं. ॲप कदाचित मानणार नाही. सर्टिफिकेट तपासणी बंद करून टाकणं हा उपाय सगळे सुचवतात. कृपया तसं करू नका. कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि सेटिंगमध्ये जोडा. एकदा बंद केलेली तपासणी परत कुणी चालू करत नाही.

आणि एक सूक्ष्म गोष्ट: मोठे आकडे. अनेक क्लायंट जावास्क्रिप्टवर चालतात, आणि जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा पूर्णांक अचूक राहीलच याची खात्री नाही. तुमचे आयडी १९ अंकी असतील तर टेस्ट स्क्रिप्टमध्ये शेवटचे अंक बदललेले दिसू शकतात आणि सर्व्हर बरोबर असूनही टेस्ट पडते. मूळ रिस्पॉन्स कच्च्या रूपात बघा. एपीआय तुमच्या हातात असेल तर असे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा.

### ब्राउझरमध्ये चालणारी रिक्वेस्ट क्लायंटमध्ये कशी आणायची?

डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कच्या टॅबमध्ये त्या रिक्वेस्टवर राइट क्लिक करा, कॉपी ॲज कर्ल निवडा. जवळपास सगळे क्लायंट ती कमांड इम्पोर्ट करून घेतात. फक्त ती कुणाला चॅटवर पाठवण्याआधी वाचा. तुमची चालू कुकी आणि टोकन तिच्यात असतं.

### एडिटरमधलीच एक्स्टेन्शन पुरतील का?

एकट्याच्या आणि छोट्या टीमच्या कामाला खुशाल पुरतात. एचटीटीपी फाइलमध्ये रिक्वेस्ट जशी तारेवरून जाते जवळपास तशीच लिहायची, दोन रिक्वेस्टमध्ये तीन हॅशची ओळ टाकायची, वर "सेंड" असं येतं त्यावर क्लिक करायचं. शिकायला दहा मिनिटं लागतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो, कारण यात एचटीटीपी डोळ्यांसमोर राहतं आणि नवीन मुलांना ते खरंच समजायला लागतं.

व्हीएस कोडचं रेस्ट क्लायंट, जेटब्रेन्सचे एडिटर आणि व्हिज्युअल स्टुडिओ २०२२, तिघेही अशा फाइल वाचतात. मात्र व्हेरिएबल आणि एन्व्हायर्नमेंट लिहायची पद्धत तिघांची थोडी थोडी वेगळी आहे. टीममध्ये दोन वेगवेगळे एडिटर असतील तर हे आधी तपासा. थंडर क्लायंट हे एक्स्टेन्शन दिसायला पोस्टमनच्या जवळ जातं. कंपनीच्या कामासाठी घेण्याआधी त्याच्या परवान्याच्या अटी वाचून घ्या.

### हॉपस्कॉच लोकलहोस्टला का पोचत नाही?

हॉपस्कॉच ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून ब्राउझरचे नियम त्याला लागू होतात. तुमच्या सर्व्हरने परवानगीचे हेडर दिले नाहीत तर ब्राउझर उत्तर अडवतो. यालाच आपण कॉर्सची एरर म्हणतो. उपाय तीन आहेत: त्यांचं ब्राउझर एक्स्टेन्शन, त्यांचा प्रॉक्सी, किंवा डेस्कटॉप ॲप. प्रॉक्सी निवडलात तर तुमची रिक्वेस्ट, टोकनसकट, दुसऱ्याच्या सर्व्हरमधून जाते, आणि तो सर्व्हर तुमच्या मशीनवरच्या लोकलहोस्टपर्यंत पोचूही शकत नाही. एक्स्टेन्शन किंवा डेस्कटॉप ॲप घ्या.

केरळच्या लियास थॉमस यांनी २०१९ मध्ये हे पोस्टवुमन या नावाने सुरू केलं होतं. पुढच्या वर्षी नाव बदललं. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं ही त्याची मोठी बाजू. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगी नसते, तिथे शिकवायला याच्याइतकं सोपं मला दुसरं काही सापडलेलं नाही.

### आमच्याकडे ग्राफक्यूएल, जीआरपीसी, वेबसॉकेट असं सगळं आहे.

हे एपीआयशी बोलायचे वेगवेगळे प्रकार आहेत. पोस्टमन आणि इन्सोम्निया तिन्ही हाताळतात. फक्त जीआरपीसीसाठी टर्मिनलवर जीआरपीकर्ल हातात ठेवा.

### सीआयमध्ये हीच कलेक्शन चालवता येतील का?

येतील. (सीआय म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा.) पोस्टमनच्या कलेक्शनसाठी न्यूमन, ब्रुनोसाठी त्याची स्वतःची कमांड, इन्सोम्नियासाठी इन्सो. हर्ल हे या यादीत वेगळं आहे: ऑरेंज या फ्रेंच दूरसंचार कंपनीत तयार झालेलं, कर्लच्याच लायब्ररीवर बसवलेलं, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रिक्वेस्ट आणि अपेक्षित उत्तर लिहायचं. पडदाबिडदा काही नाही, पण सीआयमध्ये अतिशय झटपट चालतं.

मोह आवरा एवढंच सांगेन. क्लायंटच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये हळूहळू तीनशे ओळींचं लॉजिक जमा होतं आणि त्याची काळजी कुणीच घेत नाही. डिप्लॉय झाल्यावर दहा-पंधरा महत्त्वाच्या रिक्वेस्ट नीट उत्तर देतायत का, एवढ्यापुरतं हे वापरा. बाकीच्या टेस्ट कोडच्या शेजारी, तुमच्याच भाषेत लिहा.

### लोड टेस्ट?

म्हणजे एकाच वेळी खूप रिक्वेस्ट पाठवून सर्व्हरला किती झेपतं ते बघणं. त्यासाठी जेमीटर किंवा के सिक्स वापरा.

### बँकेच्या किंवा पेमेंटच्या प्रोजेक्टवर काही वेगळी काळजी?

हो. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढलेल्या निर्देशानुसार पेमेंट व्यवस्थेशी संबंधित डेटा भारतातच साठवावा लागतो. त्यात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. खऱ्या ग्राहकाचं नाव, मोबाइल आणि व्यवहार असलेला रिस्पॉन्स तुम्ही क्लायंटमध्ये सेव्ह केला आणि तो क्लायंट परदेशातल्या सर्व्हरवर सिंक करत असेल, तर प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. सिक्युरिटी टीमला लेखी विचारा. तोवर लोकल साधन वापरा आणि टेस्टसाठी बनावट डेटा घ्या. पुण्या-मुंबईत अशा प्रोजेक्टवर काम करणारे भरपूर आहेत, आणि हा विचार साधन निवडताना नाही, ऑडिटच्या आदल्या आठवड्यात होतो.

### सर्च एपीआयला मराठी शब्द पाठवला की कधी निकाल येतात, कधी नाही. साधनाचा दोष?

बहुधा नाही, पण साधन योग्य असेल तर दोष पटकन सापडतो. "पुणे" या शब्दात युनिकोडची चार चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२ बाइट. यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक किंवा अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे ३६ चिन्हं झाली. बहुतेक ॲप हे स्वतः करतात. कर्लमध्ये यूआरएल एन्कोडचा पर्याय आपणच द्यायचा असतो. दोनदा एन्कोड झालं तर सर्व्हरला टक्क्यांची माळ मिळते आणि निकाल शून्य येतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे "कऱ्हाड" सारखे शब्द. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुठल्या कीबोर्डवर ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, तर कुठे साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बाइट वेगळे असतात, आणि डेटाबेसमध्ये एक प्रकार असेल तर दुसरा सापडत नाही. दोन्ही प्रकारांची एकेक रिक्वेस्ट कलेक्शनमध्ये कायमची ठेवून द्या. मराठी माणसांसाठी काही बनवत असाल तर या दोन रिक्वेस्ट हव्यातच.

### जुनं कलेक्शन नव्या साधनात नेताना काय हरवतं?

यूआरएल, हेडर, बॉडी बहुतेक वेळा सुखरूप येतात. पोस्टमनचं कलेक्शन २.१ या जेसन स्वरूपात एक्स्पोर्ट करा. ब्रुनो, इन्सोम्निया, हॉपस्कॉच सगळे ते वाचतात. अडखळतात त्या स्क्रिप्ट. पोस्टमनच्या स्वतःच्या फंक्शनांनी लिहिलेला कोड काही आपोआप बदलतो, काही हाताने बदलावा लागतो. फोल्डरला लावलेलं ऑथेंटिकेशन आतल्या रिक्वेस्टपर्यंत पोचलंय का तेही बघा. एन्व्हायर्नमेंट वेगळं एक्स्पोर्ट करावं लागतं, आणि त्या फाइलमध्ये किल्ल्या असू शकतात, म्हणून ती मेलवर फिरवू नका.

सगळं एका दिवशी हलवू नका. रोज लागणाऱ्या वीसेक रिक्वेस्ट आधी न्या, दोन स्प्रिंट (टीमच्या कामाचे ठरलेले टप्पे) त्यांच्यावर काम करा, मग बाकीच्या. नेताना अर्ध्याअधिक रिक्वेस्ट बंद पडलेल्या एपीआयच्या निघतात. त्या तिथेच सोडा. सगळे नव्या साधनावर आले की जुन्या वर्कस्पेसमधले टोकन रद्द करा, तिथे अजून कोणाकोणाला प्रवेश आहे ती यादी बघा, सोडून गेलेल्यांची नावं काढा, आणि मग क्लाउडवरची ती प्रत डिलीट करा.